‘सरकारी विरुद्ध खासगी’ हा संशोधनाचा विषय होतो का?



पेटचा निकाल लागला की माझ्याकडे ओळखीपाळखीच्या मुलामुलींचे संशोधन आराखडे यायला लागतात. "ताई, जरा नजर टाका ना." यंदा आलेल्या एका आराखड्याचं शीर्षक होतं, ‘धाराशिव जिल्ह्यातील सरकारी व खासगी आरोग्यसेवेचा तुलनात्मक अभ्यास’. वाचून मला हसू आलं नाही. चार वर्षांपूर्वी मीही जवळजवळ हेच शीर्षक घेऊन संशोधन समितीसमोर बसले होते. समितीतल्या एका सरांनी विचारलं, "तुलना कशाची?" मी म्हणाले, "सरकारी आणि खासगीची." सर म्हणाले, "ती कोणाकोणाची ते झालं. मी विचारतोय कशाची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या प्रश्नाचं थोडंफार उत्तर आता सापडलंय, ते आज लिहितेय. त्यासाठी या विषयावरचा मला सगळ्यात आवडलेला शोधनिबंध घेते आणि त्यावर टीका करते. टीका म्हणजे दोष काढत बसणं नव्हे. एखादा निबंध काय दाखवू शकतो आणि काय दाखवूच शकत नाही, याची हद्द आखणं म्हणजे टीका. आवडत्या निबंधावर ती करता आली तरच शिकलो म्हणायचं.

आधी एक गुंता सोडवू. ‘सरकारी’ आणि ‘खासगी’ या शब्दांत आपण दोन वेगळे प्रश्न कोंबतो. पैसे कोण देतं, हा एक. उपचार कोण करतं, हा दुसरा. धाराशिवच्या माणसाला याच्या चारही जोड्या दिसतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात पैसे सरकारचे आणि डॉक्टरही सरकारी. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, ते याच प्रकारात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा रुग्ण एखाद्या अंगीकृत खासगी रुग्णालयात गेला, तर पैसे सरकारचे आणि डॉक्टर खासगी. तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यात दोन्ही खासगी. आणि सरकारी खाटेवर झोपलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला ‘हे बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी मिळाली, की डॉक्टर सरकारी पण पैसे आपल्या खिशातले.

परदेशातही असंच. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४८ पासून करांच्या पैशावर चालते, पण तिथला गल्लीतला फॅमिली डॉक्टर बहुतेक वेळा सरकारी नोकर नसतो, सरकारशी करार केलेला स्वतंत्र व्यावसायिक असतो. कॅनडात डॉक्टर बहुतांश खासगी, त्यांचं बिल मात्र सरकारी विमा भरतो. म्हणजे ‘सरकारी बरं की खासगी’ असं कुणी विचारलं, तर पहिलं उत्तर ‘यातली कोणती जोडी?’ हेच असायला हवं. वक्तृत्व स्पर्धेत हे न विचारता चालतं, संशोधनात चालत नाही.

आता तो निबंध. जिष्णू दास, अलका होला, आकाश मोहपाल आणि कार्तिक मुरलीधरन यांचा हा निबंध २०१६ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त आला. क्षेत्र होतं मध्य प्रदेशातली खेडी. त्यांनी स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन बनावट रुग्ण तयार केले आणि सरकारी व खासगी दवाखान्यांत पाठवले. तीन तक्रारी ठरवून दिल्या होत्या: हृदयविकाराकडे बोट दाखवणारं छातीतलं दुखणं, दमा, आणि घरी असलेल्या लहान मुलाला रक्ताची हगवण. डॉक्टरने किती वेळ दिला, विचारायला हवेत त्यांतले किती प्रश्न विचारले, कोणती औषधं दिली, हे सगळं नोंदवलं.

मी एम.एस्सी. केलं ते सूक्ष्मजीवशास्त्रात. आमच्याकडे कंट्रोलची प्लेट नसेल तर सर बाकीच्या प्लेटकडे बघायचेसुद्धा नाहीत. प्रतिजैविक घातलेली एक प्लेट, न घातलेली एक, बाकी सगळं सारखं. समाजात असं सारखं काही मिळत नाही. सरकारीत गरीब जातात, खासगीत दोन पैसे असलेले. आजार वेगळे, डॉक्टर वेगळे. त्यामुळे ‘खासगीतले रुग्ण लवकर बरे होतात’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही. या निबंधात रुग्ण सारखा होता, कारण तो ठरवून पाठवलेला होता. बरोबर उपचार कोणता, हे आधीच माहीत होतं. आणि सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणजे, जे सरकारी डॉक्टर बाहेर खासगी व्यवसायही करत होते, त्यांच्याकडे दोन्ही ठिकाणी बनावट रुग्ण गेले. म्हणजे डॉक्टर तोच, डिग्री तीच, तक्रार तीच. बदलली फक्त खुर्ची.

काय निघालं? तोच डॉक्टर खासगी खुर्चीत जास्त वेळ देत होता, जास्त प्रश्न विचारत होता आणि योग्य उपचार देण्याची शक्यताही तिथे जास्त होती. अनावश्यक औषधं मात्र दोन्हीकडे सर्रास होती. एकूण नमुन्यात तर खासगीवाल्यांपैकी अनेकांकडे वैद्यकीय पदवीच नव्हती, तरी ते सरकारी दवाखान्यापेक्षा जास्त कष्ट घेत होते आणि योग्य उपचारात मागे नव्हते.

हा निबंध वाचून मी सेमिनारमध्ये ठोकून सांगितलं होतं की वाद संपला, खासगीच बरं, सरकारने फक्त बिल भरावं. टाळ्याही मिळाल्या. निबंधाने एवढं म्हटलं नव्हतं, मी म्हटलं होतं. ही चूक तुम्हीही करणार आहात, म्हणून ती कुठे झाली ते नीट सांगते.

पहिली हद्द सोपी आहे. अभ्यास बाह्यरुग्ण सेवेचा आहे. गोळ्या लिहून घेऊन घरी जाणारा रुग्ण. खाटेवर दाखल होणारा, ऑपरेशन लागणारा, बाळंतपणाला आलेली बाई, साप चावलेला शेतकरी यांच्याबद्दल त्यात काही नाही. कर्ज मात्र घराला यांच्यामुळेच होतं.

दुसरी हद्द मला फार उशिरा दिसली. बनावट रुग्ण डॉक्टरसमोर बसू शकतो, पण ऑपरेशनच्या टेबलावर झोपू शकत नाही. तो फार तर गोळ्यांची चिठ्ठी घेऊन परत येतो. त्यामुळे डॉक्टरने कमी केलं तर ही पद्धत ते बरोबर पकडते. नको ती गोळी दिली तर तेही पकडते. पण नको ते ऑपरेशन केलं तर? ते या पद्धतीला दिसणं शक्यच नाही. ही संशोधकांची कुचराई नाही. कोणत्याही नीतिमत्ता समितीने असल्या प्रयोगाला परवानगी दिली नसती आणि देऊही नये. पण ज्या साधनाला एक प्रकारचं नुकसान दिसतच नाही, त्याच्या जोरावर ‘एकूण कोण बरं’ हे आपण ठरवू शकत नाही.

आता मावशीची गोष्ट सांगते, तिला विचारून.

माझी मावशी वाशी तालुक्यातली. मावसा आणि ती मिळून एक कोयता. दसरा-दिवाळी झाली की टोळीबरोबर कारखान्यावर. एकतीस वर्षांची असताना तिचं पोट दुखायला लागलं, अंगावरून पांढरं जात होतं. उपकेंद्रातून गोळ्या मिळाल्या, उतार पडला नाही. आरोग्य केंद्रात दोनदा गेली, दोन्ही वेळा मॅडम नव्हत्या. टोळी निघायला आठ दिवस राहिले होते. मग तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात गेली. तिथे मात्र तिला लगेच बघितलं, सोनोग्राफी केली, नीट बसवून बोलले. "पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाकलेली बरी. दोन मुलं आहेतच की." तिला ते पटलं. एक तर कॅन्सर हा शब्द, आणि दुसरं म्हणजे पाळीच्या दिवसांत फडात खाडा पडला की दंड. मुकादमाकडून जास्तीची उचल घेतली आणि पिशवी काढली. ती उचल फेडायला दोन हंगाम गेले. कंबर आजही दुखते.

माझ्या त्या निबंधाच्या मोजपट्टीवर हा खासगी दवाखाना पहिल्या वर्गात पास झाला असता. वेळ दिला, प्रश्न विचारले, तपासणी केली. आरोग्य केंद्र नापास.

एका मावशीवरून सिद्धांत मांडायचा नाही, हे मला कळतं. पण शेजारच्या बीड जिल्ह्यात हे मोजलं गेलं. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. म्हणजे सुमारे १७ टक्के, जवळपास सहा जणींमागे एक. या शस्त्रक्रिया प्रामुख्याने खासगी रुग्णालयांत झाल्याचं पुढे आलं.

आता इथे माझ्या बाजूच्या आकड्यांनाही तोच कायदा लावते. नाहीतर ती टीका होणार नाही, वकिली होईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातलं हे प्रमाण सुमारे ३ टक्के येतं. लगेच ‘पाचपट, सहापट’ असे मथळे येतात. थांबा. सर्वेक्षणातला आकडा १५ ते ४९ वयाच्या सगळ्या बायकांचा आहे, त्यात शाळकरी मुलीही आल्या. समितीचा आकडा कामाला जाणाऱ्या ऊसतोड महिलांचा. वयाची रचनाच वेगळी. वय सारखं केल्याशिवाय पट काढणं चूक आहे. हा सगळा फरक नुसत्या वयाने भरून निघेल असं मला वाटत नाही, पण तो किती उरेल हे मोजूनच सांगायला हवं. शिवाय त्या १३,८६१ पैकी किती शस्त्रक्रिया खरोखर गरजेच्या होत्या, हे या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी केसपेपर लागतात, सोनोग्राफीचे अहवाल लागतात, काढलेल्या गर्भाशयाची तपासणी झाली असेल तर तिचा अहवाल लागतो.

तरीही मध्य प्रदेशचा निबंध आणि बीडचा आकडा शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते. वरवर दोघे उलट बोलतात. एक म्हणतो खासगी बरं, दुसरा म्हणतो खासगी घातक. पण दोन्हींच्या मुळाशी एकच कारण संभवतं. पगार ठरलेला आहे, रुग्ण बघितला काय आणि न बघितला काय, तेवढाच मिळणार, अशा खुर्चीत डॉक्टर कमी करतो. दर ऑपरेशनमागे पैसे मिळतात त्या खुर्चीत तो जास्त करतो. गोळ्यांच्या आजारात ‘जास्त’ म्हणजे दोन मिनिटं जास्त, चार प्रश्न जास्त. तिथे ते चांगलं दिसतं. ऑपरेशनच्या बाबतीत ‘जास्त’ म्हणजे एकतिसाव्या वर्षी पिशवी काढणं. वृत्ती तीच, फक्त मोजण्याची जागा बदलली.

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच लिहून ठेवलंय की वैद्यकीय सेवेचा बाजार भाजीच्या बाजारासारखा नसतो. वांगं किडकं आहे का ते आपल्याला कळतं. पिशवी काढायची गरज होती का, हे मावशीला तेव्हाही कळलं नाही आणि आजही माहीत नाही. ज्याला विकायचंय तोच सांगणार की तुला याची गरज आहे. म्हणून सरकारची तिसरी भूमिका येते, जी ‘सरकारी विरुद्ध खासगी’ या वादात कुणी बोलतच नाही: नजर ठेवणारा. बीडमध्ये ओरड झाल्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी रुग्णालयांनी गर्भाशय काढू नये, असा नियम आला. तो आधी का नव्हता, हा संशोधनाचा प्रश्न आहे. महाराष्ट्राने केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा स्वीकारलेला नाही. इथे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदाच चालतो. त्याच्या नियमांत रुग्ण हक्कांची सनद आली ती २०२१ मध्ये.

याच्याशी जोडलेली अजून एक गोष्ट तुमच्या आराखड्याच्या कामाची आहे. सरकारी केंद्रांची माहिती दर महिन्याला वर जाते. किती बाळंतपणं, किती लसी, किती पदं रिकामी. त्यामुळे सरकारी व्यवस्थेची लक्तरं आकड्यांत दिसतात. खासगीची तशी नोंद फारशी मिळत नाही, म्हणून तिथलं सगळं स्वच्छ दिसतं. कुणीतरी दारोदार जाऊन ८२ हजार बायकांना विचारलं तेव्हा ते दिसलं. आकडा नाही म्हणजे चूक नाही, असा अर्थ कधीच काढू नका.

मग निदान विमा योजनेचा तरी परिणाम मोजता येईल का? इथे आपल्या जिल्ह्याला एक सापळा वाट बघतोय. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, म्हणजे आजच्या फुले योजनेचं आधीचं रूप, २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात सोलापूर होतं. आपला उस्मानाबाद, आजचा धाराशिव, दुसऱ्या टप्प्यात २१ नोव्हेंबर २०१३ ला आला. मधले साधारण साडेसोळा महिने सोलापूरकडे योजना आणि शेजारच्या उस्मानाबादकडे नाही. वाचल्यावर माझे डोळे चमकले होते. एक प्लेट औषधाची, एक कंट्रोलची!

पण सोलापूरला वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे. धाराशिवला ते मिळालं २०२२ मध्ये. मधली एकोणसाठ वर्षं आपली माणसं आजारी पडली की सोलापूर, लातूर, बार्शी गाठत होती. पहिल्या टप्प्याचे जिल्हे चिठ्ठ्या टाकून निवडले नव्हते. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात २००८ मध्ये गरिबांच्या सरकारी विम्यासाठी खरोखर सोडत काढली गेली, म्हणून तिथे नीट तुलना करता आली. त्यातही दोनेक वर्षांत लोकांचा पैशाचा ताण आणि नैराश्य कमी झालं, दवाखान्यात जाणं वाढलं, पण रक्तदाब आणि साखरेत ठळक फरक दिसला नाही. आपल्याकडे सोडत नव्हती. सोलापूर आणि धाराशिवमधला फरक योजनेचा की साठ वर्षांच्या रुग्णालयाचा, हे सुटं कसं करणार? दोन्ही जिल्ह्यांचे योजनेच्या आधीचे कल सारखे होते, हे दाखवता आलं तरच ती तुलना करा.

आणि याच आकड्यातून मला आपल्या जिल्ह्याचं उत्तर दिसतं. कार्ड सरकार एका शासन निर्णयाने देऊ शकतं. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं, चांगलं झालं. पण कार्ड जिथे रुग्णालय आहे तिथेच चालतं. खासगी रुग्णालय उघडतं जिथे पैसा आहे तिथे, आणि आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत नाव असलेल्या धाराशिवात तो कमी आहे. परंडा किंवा भूमच्या माणसाचं कार्ड सोलापूर-पुण्यात वटतं, तेही गाडीभाडं आणि चार दिवसांची मजुरी सोडून. सरकारने नुसती बिलं भरायची म्हटली, तर सरकारचा पैसाही रुग्णाच्या मागोमाग जिल्ह्याबाहेर जातो. म्हणून माझं मत आता असं आहे: आपल्यासारख्या जिल्ह्यात पाया सरकारी पैशाचा आणि सरकारी रुग्णालयाचाच हवा. खासगीकडून सेवा जरूर घ्यावी, पण केसपेपर तपासायचा अधिकार ठेवून.

हे लिहिताना मध्य प्रदेशचा निबंध मी कपाटात ठेवून देत नाही. तो माझ्या मताला टोचत राहतो आणि राहावा. इमारत बांधली, पद भरलं, पगार दिला, म्हणजे डॉक्टर रुग्णाला नीट बघेल असं नाही, हे त्याने पक्कं दाखवलंय. महाराष्ट्रात सरकारी डॉक्टरांना व्यवसायरोध भत्ता देऊन खासगी व्यवसायाला बंदी आहे. पण तेवढ्याने मॅडम खुर्चीत येत नाहीत. सरकारी आरोग्यसेवेची बाजू घेणाऱ्याने याचं उत्तर द्यायलाच हवं. माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, माझा प्रबंध त्याच्याच एका तुकड्यावर आहे.

तर ज्याने आराखडा पाठवला त्या मित्राला मी काय सुचवलं? शीर्षकातला ‘तुलनात्मक अभ्यास’ खोड आणि पाच ओळी लिही. पैसे कोण देतं, उपचार कोण करतं, डॉक्टरला पैसे कशाचे मिळतात, नजर कोण ठेवतं, आणि तुझ्या आकड्यांत कोण येतच नाही. मग यातली एकच गोष्ट बदलते आणि बाकी जवळपास सारख्या राहतात, अशी जागा जिल्ह्यात शोध. सापडली तर विषय मिळाला. नाही सापडली तर महिनाभर अजून फीर, पण घाईने प्रश्नावली छापू नकोस.

मागच्या महिन्यात वाशीला गेले तेव्हा मावशीला हे सगळं सोपं करून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या दिवशी मॅडम असत्या तर माझी पिशवी राहिली असती का गं?"

आमच्या भाषेत याला प्रतितथ्य म्हणतात. घडलं नाही ते घडलं असतं तर काय, हा प्रश्न. एका माणसाच्या बाबतीत त्याचं उत्तर कधीच मिळत नाही, म्हणून आपण हजारोंचा अभ्यास करतो. मी तिला म्हणाले, "माहीत नाही मावशी." ती म्हणाली, "मग शोध की."